कार्टचा चेनगार्ड आणि क्लचगार्ड : निवडताना काय पाहावे?

गो-कार्ट म्हणजे जमिनीला लागून धावणारी छोटी, उघडी गाडी. शर्यतींत ती धावतेच, शिवाय मोठ्या शहरांतील करमणुकीच्या बागांत भाड्यानेही चालवायला मिळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्पर्धेसाठी अशा गाड्या तयार करतात, तेव्हा पाइप वाकविणे, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम पुष्कळदा जवळच्या वर्कशॉपकडे येते. या कामात सर्वात शेवटी आणि घाईने उरकला जाणारा भाग म्हणजे चेनवरचा आणि क्लचवरचा गार्ड. आमच्या मते त्याचा विचार सर्वात आधी झाला पाहिजे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद येथे कार्टमध्ये बसलेल्या तरुण स्त्रीचे केस चाकात अडकले. दोन्ही अपघातांत त्या स्त्रिया प्राणास मुकल्या. कार्टमध्ये चालकाच्या पाठीशीच इंजिन, चेन आणि मागचा एक्सल असतो. केस, ओढणी, बुरख्याचा घोळ किंवा मफलर तेथे पोहोचायला क्षणही लागत नाही.

चेनचा वेग किती?

भाड्याच्या कार्टचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल आणि क्लचवरील स्प्रॉकेट १२ दात्यांचे असेल, तर ३५ नंबरची चेन सेकंदाला सुमारे ७ मीटर धावते. शर्यतीच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक कार्टमध्ये ११ दाते आणि १४ हजार फेरे धरले, तर २१९ नंबरची चेन सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावते. अशी चेन तुटली तर चाबकासारखी उसळते. म्हणून गार्डला दोन कामे आहेत : बाहेरचे आत जाऊ न देणे आणि आतले बाहेर येऊ न देणे. एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्टिंग नियमांत चेनगार्ड सक्तीचा आहे, तो यासाठीच.

आधी माप, मग खरेदी

बाजारात गार्ड पाहण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत : चेनचा नंबर, पुढच्या व मागच्या स्प्रॉकेटमधील अंतर आणि मागे बसवायच्या सर्वात मोठ्या स्प्रॉकेटचा व्यास. २१९ चेनचा पिच ७.७७५ मिमी, ३५ चेनचा ९.५२५ मिमी, तर मोटारसायकलच्या ४२८ चेनचा १२.७ मिमी असतो. बारीक चेनसाठी बनविलेला अरुंद गार्ड जाड चेनला घासतो. शर्यतवाले ट्रॅकप्रमाणे मागचे स्प्रॉकेट बदलतात आणि चेन ताणण्यासाठी इंजिन पुढे-मागे सरकवतात. म्हणून ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवावी, म्हणजे गार्डही इंजिनाबरोबर सरकवता येईल.

चेनची वरची बाजू आणि दोन्ही कडा झाकल्या गेल्या पाहिजेत. केवळ वरून पट्टी मारलेला गार्ड दिसायला ठीक असतो, पण बाजूने बोट सहज आत जाते. चालकाच्या बाजूची भिंत तर हवीच हवी. ८० दात्यांच्या २१९ स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १९८ मिमी भरतो. त्यामुळे खाली जमीन अगदी जवळ येते आणि पूर्ण बंद गार्ड ट्रॅकच्या कडेला आपटतो. अशा ठिकाणी स्प्रॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या संरक्षक चकत्या लावतात.

शर्यतीच्या कार्टला हलका प्लास्टिकचा गार्ड चालतो. भाड्याच्या कार्टला रोज धक्के बसतात, म्हणून तेथे लोखंडी पत्राच बरा. कडा वाकवून गोल कराव्यात, नाहीतर गार्डच हात कापतो.

क्लचची गोष्ट वेगळी

बहुतेक कार्टमध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की आतील शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घट्ट धरतात. या घर्षणाने ड्रम खूप तापतो. चारी बाजूंनी बंद प्लास्टिकचे झाकण येथे मऊ पडते आणि क्लचलाही हवा मिळत नाही. म्हणून क्लचला भोकांच्या पत्र्याचा गार्ड घ्यावा. भोक ६ मिमीपेक्षा मोठे नसावे आणि जाळीपासून ड्रम किमान १० मिमी दूर असावा, म्हणजे बोट टेकले तरी फिरत्या भागाला लागणार नाही. चेनला तेल बेताने द्यावे, कारण कोरड्या क्लचवर तेल उडाले की तो घसरतो आणि अधिकच तापतो.

बसविणे आणि काढणे

गार्ड किमान दोन ठिकाणी लॉकनटने आवळावा. साधे नट इंजिनाच्या थरथरीने सैल होतात आणि सुटलेला गार्ड चेनमध्येच जातो. एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू : गार्ड काढायला सोपा हवा. चेनला तेल देण्यासाठी सहा बोल्ट खोलावे लागत असतील, तर आठ दिवसांत तो गार्ड भिंतीला टेकलेला दिसेल. दोन बोल्ट आणि एकच पाना पुरेल अशी रचना करावी. मात्र पान्याशिवाय, नुसत्या हाताने तो निघता कामा नये.

गार्ड लावला म्हणजे सर्व झाले असेही नाही. चेनगार्ड चेन झाकतो, उघडा एक्सल आणि चाके झाकत नाही. भाड्याच्या कार्टचा संपूर्ण मागचा भाग झाकलेला असावा आणि केस व सैल कपडे आत बांधल्याशिवाय कोणालाही बसू देऊ नये.

गिऱ्हाईक म्हणेल, 'गार्ड नंतर पाहू, आधी गाडी द्या.' अशा वेळी कारागीर बांधवांनी गार्डची किंमत वेगळी न दाखवता गाडीच्या किमतीतच धरावी आणि गार्डशिवाय गाडी दुकानाबाहेर सोडू नये. चार पैशांच्या पत्र्यासाठी कोणाचा जीव आणि आपले नाव, दोन्ही पणाला लावण्यात शहाणपण नाही.