थेट सरपंच: गाव निवडतं, गावच हटवतं

सेनगाव शहराचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत मात्र गावाचा प्रमुख सरपंचच. पूर्वी निवडून आलेले सदस्य आपसांतून सरपंच ठरवत. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परतली.

आता मतदार वॉर्डातल्या सदस्यांसाठी मत देतो आणि सरपंचासाठी वेगळं. उमेदवाराचं वय किमान २१ लागतं. पद कोणासाठी राखीव, ते सोडतीत आधीच ठरलेलं असतं. निम्मी पदं महिलांची. उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात.

खरा पेच निकालानंतर पडतो. सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं, असं सहज घडतं आणि मग ठराव अडतात. चिडलेल्या सदस्यांना सरपंच हटवावासा वाटला, तरी निवडीनंतरची पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी तेवढ्याने खुर्ची जात नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदानाने निर्णय देतं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते: ज्यांनी पद दिलं, त्यांना विचारल्याशिवाय ते काढता येत नाही.

निवडलेल्या प्रमुखाला कुंपण घालण्याची गरज जुनी आहे. आजच्या फ्रान्समधली एदुई ही केल्टिक जमात दरवर्षी ‘वर्गोब्रेत’ हा आपला प्रमुख निवडत असे. रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो की त्याच्या हाती जीवनमरणाचा अधिकार होता, पण मुदतीत त्याला जमातीची हद्द ओलांडता येत नसे. एका घरातला माणूस या पदावर बसला, की तो हयात असेपर्यंत त्याच घरातल्या दुसऱ्याला ते पद मिळत नसे, ज्येष्ठांच्या सभेतही जागा नसे. इ.स.पू. ५२ मध्ये मावळत्या वर्गोब्रेताने आपला भाऊ कोतुस याचं नाव जाहीर केलं, तर पुरोहितांनी रीतीप्रमाणे कन्विक्टोलिटाविसला निवडलं होतं. जमातीत फूट पडली. सीझरने कोतुसला पद सोडायला लावलं. कन्विक्टोलिटाविस मात्र त्याच वर्षी सीझरविरुद्ध उठला.

आपल्या कायद्यात असा घराण्याचा नियम नाही. म्हणून महिला सरपंचाच्या जागी पती कारभार पाहताना दिसला, तर गावाने तिथेच बोलावं. मासिक सभेचं अध्यक्षस्थान आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यासोबत धनादेशावरची सही कायद्याने तिचीच आहे.