सदतीस ठिपके

७०३ ही तशी कुणाच्या लक्षात राहावी अशी संख्या नव्हे. तिचा वर्ग ४९४२०९. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे पाडले, ४९४ आणि २०९, आणि त्यांची बेरीज केली की पुन्हा ७०३. ४५ चंही तसंच आहे: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५, तिथंही तीच गत. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आता गंमत अशी, की या तिन्ही त्रिकोणी संख्याही आहेत. १ पासून ९ पर्यंतची बेरीज ४५, १० पर्यंतची ५५ आणि ३७ पर्यंतची ७०३. सगळ्याच कापरेकर संख्या त्रिकोणी नसतात, २९७ नाही, ९९ नाही. पण या तिघींचं हे नातं निव्वळ योगायोगाचं नाही. त्याकडे पुढे येऊच.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले डहाणूला, १७ जानेवारी १९०५ रोजी. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, आणि मग १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. डहाणूहून देवळालीला रस्त्यानं जायचं तर कासा ओलांडून घाट चढावा लागतो. जव्हार लागतं, मोखाडा लागतं, मग त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. रेल्वेनं जायचं तर मुंबईकडे उतरून डोंबिवली-कल्याणवरून वर यायचं. कापरेकरांना एका संख्यामालिकेची कल्पना डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी स्टेशनाच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ही त्यातली देखणी मंडळी. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला अशी एखादी संख्या आली नाही. रेल्वेच नाही तिथं, स्टेशन कुठून असणार!

मात्र त्रिकोण या भागाला नवा नाही. वारल्यांच्या लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नचौक लिहितात, आत पालघाट देवी बसते, आणि चौकाच्या काठाला त्रिकोणांच्या रांगा लागतात. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे. यावरून वारली चित्रकारांना त्रिकोणी संख्यांचं गणित ठाऊक होतं असं कुणी म्हणू लागलं, तर तो भाबडेपणा होईल. चित्र गणितासाठी काढलेलं नसतं. पण ज्या पोराचा डोळा लहानपणापासून दोन त्रिकोण जोडायला सरावला आहे, त्याला त्रिकोणी संख्येचं सूत्र पाठ करायला लावणं हा शाळेचा आळस आहे, एवढं नक्की म्हणता येईल. कारण ते सूत्र दोन त्रिकोण जोडूनच निघतं. चिंचोके घ्या. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. दहा चिंचोक्यांचा त्रिकोण झाला. असाच दुसरा मांडा, उलटा करा आणि पहिल्याला चिकटवा. आता चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच. चारा-पंचे वीस, त्याचे निम्मे दहा. शंभर ओळी असल्या तरी हेच: शंभर गुणिले एकशे एक, भागिले दोन. ओळी किती ते ठाऊक नसेल तर त्या संख्येला न म्हणा: न × (न + १) ÷ २. संपलं.

हे सूत्र आपल्याकडे फार जुनं. आर्यभटानं ४९९ मध्ये त्रिकोणी थरांवर थर रचून होणाऱ्या ढिगाचंसुद्धा सूत्र दिलं. त्या ढिगाला तो चितिघन म्हणतो. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त १ पासूनच्या संख्यांच्या बेरजेला संकलित, आणि अशा बेरजांच्या बेरजेला संकलितैक्य म्हटलं आहे. दोन्हींची सूत्रं श्लोकात आहेत. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला. तसा शिलालेखच तिथं आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. गणिताचं शिक्षण व्हावं म्हणून दिलेल्या देणगीची नोंद दगडावर कोरलेली, आणि तीही आपल्याच मुलखात. नंतर १३५६ मध्ये नारायण पंडितानं बेरजांच्या बेरजांच्या बेरजा, हव्या तितक्या पायऱ्यांपर्यंत, एकाच सूत्रात बांधल्या. युरोपात १० जुलै १७९६ ला एकोणीस वर्षांच्या गाउसनं रोजनिशीत ‘युरेका’ लिहून नोंद केली, की कुठलीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त तीन त्रिकोणी संख्यांच्या बेरजेत मांडता येते. म्हणजे ज्या विषयाला आपण पाचवीचा समजतो, त्यानं गाउसलाही दाद द्यायला लावली होती.

त्रिकोणावरून चांदणीवर यायला मला रांगोळीइतकी सोपी वाट दिसत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात ‘७ ते ४’ असं लिहिलेलं असतं. मधली ओळ सात ठिपक्यांची. तिच्या वर सहा, पाच, चार आणि खालीही तसेच. भोकं पाडलेला कागद ठेवून रांगोळी फिरवली की षट्कोन उमटतो. ठिपके मोजले तर चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार: एकूण ३७. आता मोजायच्या ऐवजी फोडून बघा. मधला एक ठिपका बाजूला काढला तर उरलेल्या ३६ चे सहा सारखे त्रिकोण पडतात, प्रत्येकात सहा ठिपके, म्हणजे १, २, ३. सहा सक छत्तीस, अधिक एक. या षट्कोनाच्या सहाही बाजूंवर आणखी एकेक तसाच त्रिकोण, तीन-दोन-एक असा, बसवला की सहा टोकांची चांदणी होते: ३७ अधिक ३६, एकूण ७३. लहान चांदण्या क्रमानं १, १३, ३७. आता चांदणीचं सूत्र कुणी सांगायची गरज उरत नाही. मध्यावर एक ठिपका, आणि त्याच्याभोवती बारा त्रिकोण. चौथ्या चांदणीत त्रिकोण तीन ओळींचे, पाचवीत चार ओळींचे, म्हणजे चांदणीच्या क्रमांकापेक्षा एक कमी. बारा त्रिकोण म्हणजे बारा वेळा न × (न − १) ÷ २. बाराला दोननं भाग गेला की उरतं ६ × न × (न − १), अधिक १.

पाचवी चांदणी १२१ ठिपक्यांची. घरात चायनीज चेकर्सचा पट असेल तर त्याची भोकं मोजा, तेवढीच निघतील. आणि १२१ ही कापरेकरांची डेम्लो संख्याही आहेच. हा मात्र खरोखरच योगायोग. पुढची डेम्लो, १२३२१, कुठल्याच चांदणीत बसत नाही.

सहा टोकांचंच का, हा प्रश्न हुशार पोर विचारतंच. पाच टोकांची चांदणी, जी मुलं वहीच्या मागच्या पानावर काढतात ती, त्याच पद्धतीनं १, ११, ३१, ६१ अशी वाढते. सात टोकांची १, १५, ४३. प्रत्येक वेढ्यात ठिपके टोकांच्या दुप्पट पटीनं चढतात. पाच टोकांना आधी १०, मग २०, मग ३०. म्हणून टोकं ट धरली तर एकच सूत्र सगळ्या चांदण्यांना पुरतं: ट × न × (न − १), अधिक १. एका अक्षराचं सूत्र सापडणं ही पहिली पायरी, आणि त्या सूत्रातला ६ हा आकडासुद्धा बदलू शकतो हे ध्यानात येणं ही खरी दुसरी. शाळेत पहिलीवरच थांबायची रीत आहे.

कापरेकरांकडे परत जाऊ. एखाद्या संख्येचा वर्ग फोडून तुकड्यांची बेरीज तीच संख्या व्हायची, याचा अर्थ काय? ७०३ चा वर्ग म्हणजे ४९४ हजार आणि वर २०९. त्यातून ७०३, म्हणजेच ४९४ अधिक २०९, वजा केले तर उरतात ९९९ वेळा ४९४. आणि वर्गातून ती संख्या वजा करणं म्हणजे ७०३ × ७०२. तेव्हा अट एवढीच, की लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला ९९ नं, ९९९ नं किंवा तशाच नऊ-नवांच्या संख्येनं भाग गेला पाहिजे. न × (न − १)! त्रिकोणाची दुप्पट. चांदणीच्या सूत्रात बसलेला गुणाकार तोच. आता ९९९ म्हणजे २७ × ३७. ७०२ मध्ये २७ आहेत, ७०३ मध्ये ३७ आहेत. ७०३ ला ३७ चा त्रिकोण होणं आणि तिचं कापरेकर संख्या असणं, यांचा धागा इथं जुळतो.

कापरेकरांचा जीव ही नाती शोधण्यात रमे. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक त्यांनी चाळिशीत असताना मांडला. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे मात्र नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच. त्यांच्या पुस्तिका बहुतेक पदरमोड करून छापलेल्या. मान्यवर गणितींनी त्यांना फारसं मोजलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांचं नाव सर्वदूर झालं, तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले. कापरेकर संख्यांची पुरती उकल, म्हणजे नऊ-नवांच्या संख्येच्या कोणत्या विभाजकाशी कोणती कापरेकर संख्या जुळते याची, डग्लस इयानुची यांनी २००० साली सिद्ध करून दाखवली. देवळालीचा मास्तर हातानं आकडे मांडून जिथं पोचला होता, तिथं सिद्धता काही दशकं उशिरा आली. मला यात मास्तरांचा मोठेपणा दिसतो, आणि एकट्यानं काम करण्याची मर्यादाही दिसते.

डोळा आधी आणि सिद्धता नंतर, हा क्रम बरा. नुसता डोळा मात्र फसवतो. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना रेषांनी जोडा आणि आत जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना किती? वर्गातली सगळी मुलं ३२ म्हणतील, आणि ‘पुढील संख्या ओळखा’ घोकवून घेणारे मास्तरही ३२ च म्हणतील. पडतात ३१. हा एक प्रयोग प्रत्येक शाळेत फळ्यावर व्हायला हवा.

आपल्या परीक्षांना मात्र हा वेळ नसतो. शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शकात त्रिकोणी संख्येचा ‘पाया’ असतो: पाया १५ असलेली त्रिकोणी संख्या कोणती? मुलं १५ × १६ ÷ २ करून १२० ला खूण करतात. ती परीक्षा चौथी-सातवीवरून २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली, पण पाया तसाच राहिला. तो त्रिकोणाच्या तळाच्या ओळीचा पाया आहे, तिथं पंधरा चिंचोके बसतात, हे मार्गदर्शकात सहसा नसतं.

असायला याच पालघर जिल्ह्यात दुसरी रीत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी अंगणात आणि कुरणात शाळा भरवायची, आणि शिकवायला बिया, खडे, शिंपले, काड्या, जे भोवती मिळेल ते वापरायचं, ही त्यांची पद्धत. महागडी साधनं गावात परवडत नाहीत, हा त्यामागचा हिशोब. १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल सुरू केलं, २००७ मध्ये वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला निलेश निमकरांची ‘क्वेस्ट’ उभी राहिली. ही परंपरा इथलीच. तिचा भर लहान मुलांवर. खड्यांपासून ‘न’ पर्यंतची वाट पुढे वरच्या वर्गांनी चालायची होती.

तिथं जव्हार-मोखाड्याची अडचण निराळीच आहे. पाचवीच्या गणितात आकृतिबंध आणि बीजगणिताची तयारी हे पाठ वर्षाच्या उत्तरार्धात, अगदी शेवटाकडे येतात. भाताची कापणी उरकली आणि दिवाळी झाली, की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, वसई-भिवंडीकडे, पार मुंबईपर्यंत. पोरं बरोबर जातात किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणजे ज्या आठवड्यात फळ्यावर १, ३, ६, १० लिहिलं जातं, त्या आठवड्यात वर्गातली कितीतरी मुलं भट्टीवर विटा रचत असतात. पाठांचा क्रम मागेपुढे करायला शिक्षकाला कुणाची आडकाठी नसते. आकृतिबंध जूनमध्ये घेतला तर पुढचा-मागचा कुठलाही पाठ अडत नाही, अपूर्णांकही नाही आणि मापनही नाही. चिंचोके उन्हाळ्यातच जमलेले असतात.