जुन्या स्टोव्हचा जीर्णोद्धार

संस्कृत कोशकारांनीं अग्नीला जीं अनेक नांवें दिलीं आहेत, त्यांत 'वायुसख' हें एक आहे. वायु ज्याचा मित्र तो वायुसख. हें नांव किती अन्वर्थक आहे, हें पाहावयाचें असेल तर माळ्यावर धूळ खात पडलेला पितळी पंपाचा स्टोव्ह खालीं काढावा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश गृहस्थानें १८९२ सालीं स्टॉकहोम येथें 'प्रायमस' या नांवानें तो प्रचारांत आणला. पुढें १९११ सालीं अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोंचला, आणि १९५३ सालीं तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर चढले. या दोन्ही मोहिमांत याच जातीचे स्टोव्ह बरोबर होते. आपल्याकडे तर गॅसची शेगडी येण्यापूर्वीं कित्येक घरांतील पहांटेचा चहा त्याच्या फरफर आवाजावरच होत असे.

हल्लीं असे स्टोव्ह पुन्हां उजळून दिवाणखान्यांत मांडण्याची, व हौसेनें पेटवून पाहण्याची आवड कांहीं घरांत दिसते. ती स्तुत्य आहे. मात्र पितळ उजळणें आणि स्टोव्ह दुरुस्त करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. पहिलीनें डोळ्यांचें समाधान होतें. दुसरीवर घरांतील माणसांचा जीव अवलंबून असतो.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. पंपानें टाकींत कोंडलेली हवा रॉकेलास मधल्या नळींतून वर ढकलते. वरचा बर्नर काकड्यानें आधींच तापविलेला असला म्हणजे तेथें पोंचतांच रॉकेलाची वाफ होते. ती निपलच्या सूक्ष्म भोंकांतून जोरानें बाहेर पडते, हवेंत मिसळते व निळ्या ज्योतीनें जळते. बर्नर पुरेसा तापलेला नसला तर वाफेऐवजीं द्रवरूप रॉकेलच उसळतें आणि पिवळा भडका उडतो. तात्पर्य, हवा नीट कोंडली जाते कीं नाहीं आणि वाफ मोकळी निघते कीं नाहीं, यांवर स्टोव्हचे सारे गुणदोष ठरतात.

हवा कोंडून धरणारे भाग बहुतेक मऊ असतात, आणि काळाचा पहिला घाला त्यांवरच पडतो. पंपाच्या दांड्याच्या टोकाशीं चामड्याची वाटी असते. वर्षानुवर्षें पडून ती वाळते व आकसते. ती फाटली नसेल तर रात्रभर तेलांत भिजत ठेवावी, कडा बोटांनीं पसराव्या व वाटीचें तोंड टाकीकडे ठेवून बसवावी. पंपाच्या नळीच्या बुडाशीं एक लहानशी झडप असते. तींत स्प्रिंगनें दाबलेला बुचाचा किंवा रबराचा मणि असतो. हवेनें आंत जावें पण परत येऊं नये, एवढेंच त्याचें काम. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर येऊं लागला, किंवा पंपाच्या नळींत रॉकेल शिरलें, तर हा मणि झिजला असें समजून नवा घालावा. रॉकेल भरण्याच्या झांकणाचा वायसर आणि बर्नरखालचा शिशाचा वायसर हेही बदलणें श्रेयस्कर.

आतां पितळेविषयीं. चिंच व बारीक राख यांनीं घांसण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. पण आंबट पाण्यांत टाकी तासन्‌तास बुडवून ठेवूं नये. आम्लानें पृष्ठभागावरील जस्त जाऊन तांबूस डाग राहतात. अमोनिया असलेलीं चकाकीचीं द्रव्यें तर वर्ज्यच मानावीं. यासंबंधीं आपल्याच देशांतील एक हकीकत बोधप्रद आहे. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यांत पितळी काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत सांठवीत, आणि पावसाळा सरतां त्यांतील पुष्कळ तडकलेलीं आढळत. अखेर १९२१ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि घडवितांना पितळेंत राहिलेला ताण यांच्या संयोगानें हे तडे जातात. स्टोव्हची टाकीही पत्रा दाबूनच घडविलेली असते. म्हणून तीवर केसाएवढी रेघ दिसली, किंवा पूर्वीं कोणीं डाख दिलेला आढळला, तर तींत हवा भरण्याचा विचार सोडावा.

कसोटी रॉकेलावांचून घ्यावी. रिकाम्या टाकींत थोडी हवा भरून स्टोव्ह पाण्याच्या बादलींत बुडवावा. निपलमधून बुडबुडे येणारच. परंतु दुसऱ्या कोणत्याही सांध्यांतून ते येत राहिले, तर दोष तेथें आहे. तो निघेपर्यंत काडी ओढूं नये. न निघाल्यास स्टोव्ह शोभेपुरता ठेवावा. पेटवावयाचाच असेल तर टाकी पाऊण भागाहून अधिक भरूं नये, रॉकेलाखेरीज कांहींही घालूं नये, आणि पेटता असतां झांकण उघडूं नये. टाकी तापूं लागली असें वाटतांच स्क्रू सैल करून हवा सोडावी.

या नियमांकडे हौसेच्या भरांत दुर्लक्ष होऊं नये, याला एक गंभीर कारण आहे. एके काळीं स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येत. त्यांपैकीं कांहीं खरोखर अपघात होते: गळका सांधा, अर्धवट तापलेला बर्नर, ज्योतीवर लोंबणारा पदर. परंतु कांहीं ठिकाणीं स्टोव्ह केवळ निमित्त होता, आणि माणसाचें पाप त्या मुक्या यंत्राच्या माथीं मारलें जाई. विवाहितेच्या छळाविरुद्ध १९८३ सालीं व हुंडाबळीविरुद्ध १९८६ सालीं भारतीय दंडविधानांत स्वतंत्र कलमें घालावीं लागलीं. स्टोव्ह कशानें भडकतो आणि कशानें भडकूं शकत नाहीं, हें ज्या घरांत सर्वांस ठाऊक असतें, तेथें अपघातही टळतात आणि असत्यालाही आसरा मिळत नाहीं.

म्हणून स्टोव्ह खोलावयाचा तो सर्वांसमक्ष खोलावा. मुलें, मुली व सुना यांना शेजारीं बसवावें, प्रत्येक भाग त्यांच्या हातीं द्यावा. आणि घरांतील ज्या आजीनें त्यावर वर्षानुवर्षें रांधलें, तिला जवळ बसवून आवाज ऐकावयास सांगावें. निकोप स्टोव्हचा आवाज एकसारखा असतो. तो अडखळला कीं पिन मारावयाची वेळ झाली, हें ती न पाहतां सांगेल.