क्लॅप्टनची गिटार, क्लॅप्टनची जीभ

५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या ओडियन थिएटरमध्ये एरिक क्लॅप्टनचा कार्यक्रम होता. एकतीस वर्षांचा क्लॅप्टन तेव्हा रॉक संगीतातल्या सर्वांत नावाजलेल्या गिटारवादकांपैकी एक होता आणि त्या रात्री तो दारूच्या अंमलाखाली होता. मध्येच गाणे सोडून त्याने भाषण ठोकायला सुरुवात केली. सभागृहात कोणी परदेशी असतील तर हात वर करा, असे त्याने विचारले आणि अशांनी सभागृहातूनच नव्हे, देशातूनही चालते व्हावे, असे सुनावले. राजकारणी इनॉक पॉवेलच्या पाठीशी उभे राहा, नाहीतर ब्रिटन ही काळ्यांची वसाहत होऊन बसेल, असा एकूण सूर होता. आफ्रिकी-कॅरिबियन, आशियाई आणि अरब लोकांना हिणवणारे शब्दही त्यात आले आणि ‘ब्रिटन गोरे ठेवा’ ही नॅशनल फ्रंट या उघड वंशवादी पक्षाची घोषणाही आली. या बोलण्याचे ध्वनिमुद्रण हाताशी नाही. जे कळले ते हजर श्रोत्यांच्या आठवणींतून आणि संगीत-साप्ताहिकांच्या बातम्यांतून. त्यामुळे नेमक्या वाक्यांवरून कीस काढणारे आजही भेटतात. बोलण्याचा गाभा मात्र क्लॅप्टनने पुढे स्वतःच मान्य केला.

हे बर्मिंगहॅममध्ये घडले, याला अर्थ आहे. आठ वर्षांपूर्वी, २० एप्रिल १९६८ ला, याच शहरात पॉवेलने ते कुप्रसिद्ध भाषण केले होते, जे ‘रक्ताच्या नद्या’ या नावाने ओळखले जाते. बाहेरून येणाऱ्यांमुळे ब्रिटनमध्ये रक्तपात होईल, असे भाकीत त्यात होते. हुजूर पक्षाचा नेता एडवर्ड हीथ याने दुसऱ्याच दिवशी पॉवेलला प्रतिछाया मंत्रिमंडळातून काढून टाकले. पॉवेल हा काही अडाणी चिथावणीखोर नव्हता. तो ग्रीक भाषेचा विद्वान होता, दुसऱ्या महायुद्धात भारतात लष्करी अधिकारी होता, उर्दू शिकला होता आणि कधीकाळी व्हाइसरॉय होण्याची स्वप्ने पाहत होता. साम्राज्य गेल्यावर त्याच साम्राज्यातली माणसे शेजारी राहायला आली, हे मात्र त्याला सोसले नाही. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात तोवर पंजाबी, मीरपुरी आणि जमैकन कामगारांच्या वस्त्या रुजल्या होत्या. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली हजारो गुजराती कुटुंबेही इंग्लंडात आली. १९७६ च्या उन्हाळ्यात वातावरण तापलेलेच होते. जूनमध्ये लंडनच्या साउथॉल भागात एका शीख तरुणाचा भर रस्त्यात भोसकून खून झाला होता. क्लॅप्टनच्या शब्दांचे वजन मोजायचे तर या पार्श्वभूमीवर मोजावे लागते.

बोलणारा कोण होता, हेही तितकेच महत्त्वाचे. सरे परगण्यातल्या रिप्ली गावी जन्मलेला हा मुलगा अमेरिकन ब्लूजच्या तबकड्या ऐकून गिटार शिकला. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन हे त्याचे आद्य दैवत. जॉन्सनने १९३६-३७ मध्ये अवघी एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या जोडीला मडी वॉटर्स, फ्रेडी किंग, बी. बी. किंग. हे सगळे कृष्णवर्णीय आणि बहुतेक वर्णभेदाने ग्रासलेल्या दक्षिणेतले. यार्डबर्ड्स हा आपला गट बाजारू पॉपकडे झुकतो आहे, असे वाटल्यावर क्लॅप्टनने १९६५ मध्ये त्याला रामराम ठोकला, तो या ब्लूजच्या निष्ठेपायीच.

पुढच्या वर्षी जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबत त्याने जी तबकडी केली, तिने रॉक गिटारचा आवाजच बदलला. स्टुडिओत ॲम्प्लिफायर हळू ठेवायचा आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडाशी लावायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. क्लॅप्टनने हट्ट धरला की, मार्शलचा ॲम्प रंगमंचावर लावतात तेवढाच मोठा लागेल आणि मायक्रोफोन लांब ठेवायचा. गिब्सन लेस पॉल गिटारचा स्वर त्या ॲम्पमधून किंचित फाटत, भरदार होत बराच वेळ टिकून राहू लागला. असा टिकणारा स्वर हाती आल्यावर तार बोटाने बाजूला ओढून तो वर चढवण्याची ब्लूजची लकब खुलून आली. सतारीवर मींड घेतात ती हीच क्रिया. म्हणूनच भारतीय कानाला हे वादन फारसे परके वाटत नाही. लंडनच्या भिंतीवर कोणीतरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असे रंगवले, ते याच सुमारास. त्यानंतर क्रीम हा तिघांचा गट आला. मग १९७० मध्ये डेरेक अँड द डॉमिनोज या गटासोबत ‘लैला’ आले. मित्र जॉर्ज हॅरिसनच्या पत्नीवर, पॅटी बॉइडवर जडलेल्या प्रेमाला त्याने नाव दिले ते बाराव्या शतकातल्या निजामीच्या लैला-मजनूच्या कथेवरून.

दोन गोष्टी तर वादाच्या गाभ्याशी भिडणाऱ्या आहेत. पहिली १९७१ ची. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्टला पंडित रविशंकर आणि हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल भरवली. क्लॅप्टन तेव्हा हेरॉइनने पोखरला होता, तरी तो तिथे वाजवायला उभा राहिला. दुसरी १९७४ ची. बॉब मार्लेचे ‘आय शॉट द शेरिफ’ त्याने गायले आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले. मार्लेला तिथे तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जमैकन माणसाच्या गाण्यावर शिखर गाठलेला आणि पाच वर्षांपूर्वी बंगाली निर्वासितांसाठी वाजवलेला वादक, जमैकन आणि बंगाली माणसांना देशाबाहेर काढा म्हणत होता.

हीच विसंगती एका पत्राने नेमकी पकडली. छायाचित्रकार आणि पथनाट्यवाला रेड सॉन्डर्स, रॉजर हडल आणि त्यांच्या मित्रांनी संगीत-साप्ताहिकांना जळजळीत पत्र लिहिले. तुझे निम्मे संगीत काळ्यांचे आहे, त्यांच्यावाचून तू कोण असतास, असा त्याचा मथितार्थ होता. शेरिफला गोळी घातली ती नक्की कोणी, असा टोलाही शेवटी हाणला होता. रॉकमधल्या वंशद्वेषाविरुद्ध चळवळ उभी करायची आहे, ज्यांना यायचे त्यांनी कळवा, असे आवाहनही होते. उत्तरांचा ढीग पडला आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ जन्माला आली. गोऱ्यांचे पंक गट आणि कृष्णवर्णीयांचे रेगे गट एकाच मंचावर आणायचे, ही तिची रीत. ती दिसते तितकी सोपी नव्हती, कारण दोन्हींचे श्रोते सहसा वेगवेगळ्या क्लबांत जात.

३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला, तेव्हा जमाव ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात होता. द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन बँड यांच्यासोबत तिथे स्टील पल्स होते, म्हणजे ज्या बर्मिंगहॅममध्ये ते भाषण झाले, त्याच शहराच्या हँड्सवर्थ वस्तीतला रेगे गट. पुढे गायक म्हणून गाजलेला बिली ब्रॅग त्या दिवशी गर्दीत होता आणि आपले राजकारण तिथे घडले, असे तो सांगतो. अर्थात एका मैफलीने रस्ते सुरक्षित होत नाहीत. चारच दिवसांनी, पूर्व लंडनमध्येच, अल्ताब अली या कापडउद्योगातल्या बांगलादेशी कामगाराचा खून झाला. १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि सगळ्यांची अनामत जप्त झाली. त्याचे श्रेय चळवळीला देण्याचा मोह होतो, पण मार्गारेट थॅचर यांनी परदेशी लोंढ्यांविषयी कडक भाषा वापरून ती मते आपल्याकडे वळवली होती, हेही तितकेच खरे.

क्लॅप्टनच्या बाजूने मांडला जाणारा पहिला बचाव दारूचा. त्याने स्वतः त्या वेळी एका साप्ताहिकाला पत्र पाठवून आपण प्यायलो होतो, असे म्हटले आणि एका परदेशी माणसाने आपल्या सोबतिणीशी केलेल्या गैरवर्तनाचा रागही पुढे केला. चाहत्यांमध्ये हा बचाव फार चालतो आणि तोच सर्वांत लंगडा आहे. क्लॅप्टनने १९८७ मध्ये दारू सोडली. २००४ मध्ये एका मासिकाला मुलाखत देताना, पूर्ण शुद्धीत, त्याने पॉवेलला विलक्षण धाडसी म्हटले. तेव्हा दारूचे निमित्त नव्हते. २०१७ च्या ‘लाइफ इन ट्वेल्व्ह बार्स’ या माहितीपटात आणि त्याच्या प्रसिद्धीच्या वेळी मात्र त्याने त्या दिवसांची लाज वाटते असे सांगितले. म्हणजे माफीसारखे काही यायला चाळीस वर्षे लागली.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. क्लॅप्टनने ब्लूजवाल्यांचे ऋण कधी लपवले नाही, उलट त्यांची नावे घेऊन घेऊन त्यांना नवा श्रोता मिळवून दिला. २००० मध्ये बी. बी. किंगसोबत त्याने संपूर्ण अल्बम केला, २००४ मध्ये रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांचा केला. किंग आणि ब्लूज गिटारवादक बडी गाय यांनी त्याच्याशी मैत्री राखली. मग ज्यांचा अपमान झाला म्हणता त्यांनीच राग धरला नाही, तर तुम्ही कोण, असा सवाल चाहते करतात. त्यात एक गफलत आहे. त्या रात्रीचे बोलणे शिकागोच्या बडी गायला उद्देशून नव्हते. ते ब्रिटनमधल्या बसवाहक, परिचारिका, गिरणीकामगार यांना आणि कदाचित त्याच सभागृहात तिकीट काढून बसलेल्या त्यांच्या मुलांना उद्देशून होते. बी. बी. किंग त्यांच्या वतीने माफी देऊ शकत नाही.

तिसरा बचाव सगळ्यांच्या ओळखीचा: कलावंत निराळा, कला निराळी. अनेक कलावंतांबाबत तो चालूनही जातो. इथे अडतो. क्लॅप्टनची कला म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताशी जन्मभर केलेला व्यवहार आहे. तो व्यवहार बाजूला काढला तर हाती काही उरत नाही, आणि ठेवला तर बर्मिंगहॅमचे भाषण आपोआप त्याच्या शेजारी येऊन बसते. याचा अर्थ तबकड्या फोडाव्यात असा नाही. १९६६ चा तो गिटारचा स्वर आजही तितकाच झणझणीत आहे. मुलाच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये आलेले ‘टिअर्स इन हेवन’ ज्यांच्या मनाला भिडले, त्यांना ते दुःख खोटे होते असे कोणी सांगू नये. ‘ब्लॅकी’ ही लाडकी गिटार २००४ मध्ये लिलावात साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली आणि पैसा अँटिगातल्या त्याच्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाला, हेही खात्यावर जमा आहे. फक्त ही जमा आणि ते भाषण एकमेकांतून वजा होत नाहीत.

कोविडच्या काळात वाद नव्याने पेटला. २०२० च्या अखेरीस व्हॅन मॉरिसनने टाळेबंदीविरुद्ध लिहिलेले एक गाणे क्लॅप्टनने गायले. त्यात टाळेबंदीचे नाते थेट गुलामीच्या बेड्यांशी जोडले होते. कृष्णवर्णीय ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट क्रे हा त्याचा अनेक वर्षांचा सहकारी. त्याने ते ऐकून क्लॅप्टनला जाब विचारला आणि त्याच्यासोबतच्या दौऱ्यातून अंग काढून घेतले. बाहेरच्या टीकाकारांच्या शंभर लेखांपेक्षा हे झोंबणारे होते, कारण क्रेला गप्प राहण्यात फायदा होता. २०२१ मध्ये लसीचा त्रास झाल्याचे क्लॅप्टनने जाहीर केले आणि लस घेतल्याचा दाखला मागणाऱ्या सभागृहात आपण वाजवणार नाही, असे जुलैमध्ये सांगितले. सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये लशीचा किंवा चाचणीचा दाखला मागणाऱ्या सभागृहात तो वाजवूनही आला.

डिसेंबर २०२३ मध्ये गाझातल्या मुलांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत तो पॅलेस्टाइनच्या झेंड्याच्या रंगांत रंगवलेली गिटार घेऊन उभा राहिला, आणि चाहत्यांची जुनी फळी विस्कटली. वादकाने वाजवावे, राजकारणात पडू नये, हा आग्रह आता वेगळ्याच गोटातून होऊ लागला. बर्मिंगहॅमचा विषय त्या चर्चेतही निघतोच. हा माणूस जिथे जातो तिथे तोल सोडूनच बोलतो, यासाठी एक बाजू त्या रात्रीचा दाखला देते. दुसरी तोच दाखला देऊन म्हणते की तेव्हा परक्यांना हाकलू पाहणारा आज परक्यांच्या मुलांसाठी वाजवतो आहे.