वीस मिनिटांची नळी

शिरसाड फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून अंबाडीच्या रस्त्याला लागलं की विरार मागे पडतं. पण फार मागे नाही. पारोळ, उसगाव, भाताण्याच्या बाजूला रात्री पाहावं तर पश्चिमेचं आभाळ शहराच्या उजेडानं तांबूस दिसतं. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती. आता तर बोलायलाच नको. या पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘वसई तालुका? मग काय, मुंबईच की!’’ जव्हार-मोखाड्याला नेमणूक झालेल्या डॉक्टरची निदान कीव तरी केली जाते. आमच्या वाट्याला तीही नाही.

इथलं अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. तानसा नदीला पूर आला की पांढरतारा पुलावरून पाणी जातं आणि पलीकडची गावं तुटतात. पूर नसला तर महामार्गावर कोंडी असते. कोंडी नसली तर पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी करून माणूस आणायचा असतो. त्यामुळे इथे डॉक्टरकीचा मोठा भाग म्हणजे मिनिटांचा हिशेब. कोणाला इथेच ठेवायचं, कोणाला पुढे पाठवायचं आणि पाठवायचं तर किती लवकर. एमबीबीएसला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिथे ‘रेफर’ हा केसपेपरवरचा शेवटचा शब्द होता. इथे रोग्याला तपासतानाच तो डोक्यात सुरू होतो.

सर्पदंशाचं घ्या. आवणीचे दिवस, म्हणजे भातलावणी जोरात असते तेव्हा, आमच्याकडे साप चावलेली माणसं येतात. बहुतेकांनी साप नीट पाहिलेला नसतो. काहींनी मारून पिशवीतून आणलेला असतो. तो आणू नका, असं आम्ही दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी पिशवी टेबलावर येते. काहीजण आधी भगताकडे जाऊन आलेले असतात. त्यावर मी आता चिडत नाही. भगत शेजारच्या पाड्यात असतो, रात्री दोनला उठतो आणि आधार कार्ड मागत नाही. त्याच्याकडे किती वेळ गेला, एवढंच विचारते.

मग काचेची नळी. नवी, स्वच्छ, कोरडी. शिरेतून दोन मिलीलिटर रक्त घेऊन तिच्यात ठेवायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. हलवायची नाही, तिरकी करून डोकावायचं नाही. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची. रक्त गोठलं असेल तर बरं. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषानं रक्ताची गोठण्याची ताकद संपवलेली असते. सगळी तपासणी एवढीच; वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. मात्र नळी काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकच्या नळीत तशी होत नाही आणि उत्तर चुकतं. साबणानं धुतलेली काचही दगा देते. म्हणून आमच्या सिस्टरांनी काचेच्या नळ्यांचा एक डबा कपाटात कुलपात ठेवलाय. स्वच्छतेची आवड असलेल्या माणसापासून त्या वाचवाव्या लागतात!

वीस मिनिटं ही फार लांबलचक गोष्ट असते. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरीण नुसती बसलीये. ‘‘सुई मार ना गं,’’ असं म्हणतात. इथली आदिवासी माणसं कोणालाही ‘अहो’ म्हणत नाहीत. कलेक्टर आले तरी ‘तू’च. पण मी बसलेली नसते. पापण्या जड झाल्या आहेत का, मान उचलता येते का, एका दमात किती आकडे म्हणता येतात, हे बघत असते. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. मण्यारीचा दंश तर कित्येकदा कळतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, सूज नाही, धड खूणही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून येतात. पावसाळ्यात पहाटे पोट दुखणारा माणूस आला की मी आधी त्याच्या पापण्या बघते. अॅसिडिटीची गोळी नंतर.

प्रतिविषाची लस कोरडी भुकटी असते, म्हणून फ्रिज बंद पडला तरी फारसं बिघडत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती एकच. एकेका बाटलीत दहा मिली पाणी घालून हलक्या हातानं फिरवायचं, जोरात हलवलं तर फेस होतो. सुरुवातीला आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा, कारण मूल लहान असलं तरी साप काही विष कमी सोडत नाही. बाजूला अॅड्रिनलिन भरून तयार, कारण लसीचीच जोरदार रिअॅक्शन येऊ शकते. रक्त न गोठणारा रोगी सहा तासांनी पुन्हा तपासायचा. त्याला बरेचदा इथे सांभाळता येतं. मण्यारवाल्याचं तसं नाही. श्वासाचे स्नायू एकदा थांबले की लस त्यांना लगेच सोडवू शकत नाही, व्हेंटिलेटर हवा. तोवर अँब्यू बॅग, आणि ती दाबायला एक शहाणा हात, पूर्ण रस्ताभर.

रस्ता कुठला? महामार्गानं वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून मुंबई, की अंबाडी-भिवंडीवरून ठाणं? हा निर्णय कागदावर माझा असला तरी खरा ड्रायव्हरचा असतो. 2014 पासून 108 ची गाडी फोनवर येते, पण घोडबंदरच्या कोंडीत सायरनला कोण विचारतो? आमचा ड्रायव्हर निघण्याआधी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला फोन करतो. ‘‘हलतंय का रे?’’ एवढंच. त्या उत्तरावर गाडी उजवीकडे वळते की डावीकडे, हे ठरतं.

अशा केंद्रात बसून मोठं काम होऊ शकतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं आहे. 1976 मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसं मरत होती. ते रात्र-रात्र उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यू कमी केले आणि ‘लॅन्सेट’नं त्यांचं काम छापलं. आम्हा सगळ्यांना हे उदाहरण भाषणातून ऐकवलं जातं. मला त्यातलं उशाशी बसणंच खरं अवघड वाटतं. आज बसायचं म्हटलं तर ऑनलाइन भरायचे रिपोर्ट वाट बघत असतात.

दिवाळीनंतर चित्र बदलतं. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं बयाणा घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात. गर्भवती बाई तिकडच्या यादीत असते, पोट इकडे वाढतं. तिकडची आशा सेविका तिला शोधत राहते, इकडे तिचं नाव कुठेच नसतं. भट्टीवर लसीकरण कोणत्या दिवशी ठेवायचं, हे सिस्टरांनी मला शिकवलं. खर्ची वाटपाच्या दिवशी कधीच नाही. त्या दिवशी सगळे बाजाराला गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. घरात मीठ-मिरची आलेली असते, बाया निवांत असतात, आणि बाळाच्या दंडाला पट्टी लावून कुपोषण मोजताना आई खरं काय ते सांगते.

मे महिन्यात सिस्टर एक यादी करतात. जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या बायका, त्यातल्या नदीपलीकडच्या कोण, आधीचं सिझर कोणाचं, रक्त कमी कोणाचं, घरात कोणाचा फोन लागतो. आदिवासी भागात बाळंतपणाआधी केंद्रात येऊन राहायला ‘माहेरघर’ अशी सरकारी सोय आहे, चांगली आहे. पण आवणीच्या तोंडावर बाईनं घर सोडायचं म्हणजे तिच्या वाटणीची मजुरी बुडते, थोरली पोरं कोणाच्या जिवावर ठेवायची हा प्रश्न, शिवाय बकऱ्या. म्हणून सिस्टर बाईला समजावतच नाहीत. त्या सासूकडे जातात. तारखेबद्दल बोलत नाहीत, पुलाबद्दल बोलतात. मागच्या वर्षी किती दिवस पाणी होतं, हे सासूच्याच तोंडून वदवून घेतात. गेल्या पावसाळ्यात एक म्हातारी सुनेबरोबर दोन बकऱ्याही घेऊन आली. केंद्राच्या कुंपणाला त्या बांधून ठेवल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘‘या कोणाच्या?’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘पेशंटबरोबरच्या.’’