विहिरीवरच्या इंजिनाची विद्या, दारातल्या इंडिकाला

कऱ्हा नदीच्या काठाला मोटारपंपाची वीज येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन असायचं. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 ची. अशा इंजिनांवर कऱ्हाटी, मोरगाव, सुपे भागातल्या शेतकऱ्यांचा हात बसला. दारं धरलेली असताना इंजिन बंद पडलं, तर मिस्त्री येईपर्यंत पीक थांबत नाही. एअर काढणं, फिल्टर बदलणं माणसं स्वतःच शिकली. दारातल्या जुन्या डिझेल गाडीच्या निम्म्या दुखण्यांना हीच विद्या पुरते.

पिंपरीत तयार होणारी टाटा इंडिका डिसेंबर 1998 मध्ये आली. तिचं सुरुवातीचं 1405 सीसीचं साधं डिझेल इंजिन घ्या. ठिणगी नाहीच. सिलिंडरमधली हवा वीसपटीच्या आसपास दाबली जाते आणि इतकी तापते, की नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. हवा स्वच्छ, डिझेल स्वच्छ आणि दाब शाबूत, एवढंच तिचं मागणं.

यातलं डिझेलच आपण सगळ्यात जास्त बिघडवतो. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये आणून ठेवलेलं डिझेल सर्रास गाडीत ओतलं जातं. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये रात्रीच्या गारव्याने दमट हवेला पाणी सुटतं आणि तळाला बसतं. खात्री करायची असेल तर डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली थोडा वेळ हलवू नका. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, मधली रेघ स्पष्ट दिसते. कधी तळाशी गंजाचा तांबूस गाळही. नोझलकडे डिझेल ढकलणाऱ्या रोटरी पंपाला वेगळं वंगण नसतं, आतून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. पाणी शिरलं की पंप घासतो, गंजतो, आणि पंपाची दुरुस्ती खिसा रिकामा करते. कॅनमधलं डिझेल गाडीत ओतायचं नाही, हे मी हट्टाने सांगतो.

फिल्टर बदलला की एअर काढावी लागते. वरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुड्यांचा फेस येतो, मग अखंड धार. धार अखंड असतानाच स्क्रू आवळायचा. ही विहिरीवरचीच रीत. मात्र चालू इंजिनाच्या नोझलच्या पाइपांजवळ बोट नेऊ नका. तिथला दाब वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त असतो, बारीक फवाराही कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

जिरायत भागातल्या कच्च्या रस्त्यांचा फुफाटा एअर फिल्टर लवकर कोंडतो. पुस्तकातली मुदत डांबरी रस्त्यासाठी समजा आणि फिल्टर त्याआधीच उघडून बघा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. फाटका फिल्टर तुंबलेल्यापेक्षा वाईट. धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते, दाब कमी होतो, मग निळा धूर सुरू.

डिसेंबरच्या पहाटे गाडी धडधडत, पांढरा धूर सोडत उठली, की लोक बॅटरीला दोष देतात. बरेचदा थंड सिलिंडर तापवणाऱ्या चार हीटर प्लगपैकी एखादा गेलेला असतो. प्लगची वायर काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग बदला.

काळा धूर एअर फिल्टर साफ करूनही थांबला नाही, तर नोझल पंपवाल्याकडे टेस्टला द्या. ते घरचं काम नाही. टायमिंग बेल्टही नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल, तर सगळ्यात आधी तोच बदलून घ्या.

15 वर्षं झाली की बारामतीच्या एमएच-42 कार्यालयात तपासणी करून आरसी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवावी लागते. त्यासाठी पीयूसीही लागते. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराच्या गडदपणाचं एकक) आहे. गाडी रेस करून मोजतात, तेव्हा थंड इंजिन घेऊन जाऊ नका. आदल्या आठवड्यात ऑइल आणि एअर फिल्टर बदला आणि त्या दिवशी पाटस रस्त्यावर चांगली तापवून मगच रांगेत लावा.