चढाईची कार्यक्षमता : मापन आणि सराव

डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व भोवतालच्या गिरणगावात कबड्डी रुजली ती कामगारवस्तीत. तेथे चढाईपटूचे कौशल्य अनुभवी नजरेने जोखले जाई. त्या नजरेस मोजमापाची जोड कशी देता येईल, हे येथे पाहू.

मिळविलेले गुण हे कौशल्याचे अपुरे माप होय. समजा, 'अ'ने २० चढायांत ८ गुण मिळविले व पकडी होऊन २ दिले; 'ब'ने तितक्याच चढायांत १० मिळविले, पण ७ दिले. निव्वळ गुणांस चढायांच्या संख्येने भागल्यास 'अ'ची कार्यक्षमता ०.३०, तर 'ब'ची ०.१५ ठरते. शिवाय बाद झालेला गडी संघास काही काळ अंतरतो, ही हानी निराळीच.

तथापि ७ बचावपटूंसमोरची चढाई आणि ३ जणांसमोरची चढाई सारखी नव्हे. बोनस गुणही समोर किमान ६ गडी असतील तरच मिळतो. म्हणून नोंदी बचावपटूंच्या संख्येनुसार वेगळ्या ठेवाव्यात व प्रत्येक पकडीचे स्थान आणि प्रकारही टिपावा. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरील निदानरेषेपलीकडे घोटा वारंवार धरला जात असेल, तर पाय झटकन मागे घेण्याचा सराव हवा. परतताना कमरेची पकड होत असेल, तर वळण्याचा. एकत्रित आकड्यावरून खेळाडूंची क्रमवारी लागते; कोणास कोणता सराव द्यावा, हे मात्र अशा विभागलेल्या नोंदींवरूनच ठरविता येते.